आत्याच्या टप्प्यातलं विमान

भोरड्या आल्या की लोक आभाळाकडे बघतात. मी आत्याच्या उजव्या हाताकडे बघतो.

यंदाही आल्या. ज्वारीचा दाणा दुधात होता तोवर कुठं होत्या कोण जाणे, दाणा भरला तशा थव्याथव्यानं उतरल्या. मैनेच्या जातीच्या, काळ्या-गुलाबी, सगळ्या एकदम बोलणाऱ्या, लग्नात वरपक्षाची गाडी रिकामी व्हावी तशा. आमच्या निरवांगीत आता ज्वारी फार राहिली नाही. उसाच्या आणि डाळिंबाच्या मधे एखादा पट्टा, तोही वैरणीसाठी. आमच्या घरापुढचा पट्टा त्यातलाच.

आत्या, म्हणजे गावाची तारूबाई, ऐंशीच्या पुढं गेली आहे. सकाळी ओट्यावर ऊन घेत बसते. गुडघ्यांनी संप पुकारलाय, कानांनी अर्धी रजा टाकलीय. पण भोरड्यांचा कालवा सुरू झाला की मांडीवरचा तिचा उजवा हात आपोआप वळतो, बोटं मिटतात आणि मनगट हवेत अर्धा फेरा घेतं. मग तीच त्या हाताकडं बघते आणि त्याला पदराखाली घेते. दंगा करणाऱ्या नातवाला घ्यावं तसं.

त्या हातानं एकदा विमान पाडलं आहे.

हे वाक्य मी घरात इतक्यांदा टाकलंय की बायको आता स्वयंपाकघरातूनच म्हणते, "आणि चूक कुणाची होती, तेवढंही सांगा." सांगतो. त्यासाठीच तर बसलोय.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तेव्हा निमगाव केतकीला शाळेत विज्ञान शिकवायचो. म्हणजे पुस्तकातलं विज्ञान. शाळेतला एकुलता एक थर्मामीटर माझ्याच हातून पहिल्या वर्षी फुटला होता. तेव्हापासून तापमान हा धडा मी तोंडीच घेत असे.

पण त्या वर्षीची थंडी मला थर्मामीटरशिवाय आठवते. पहाटे सायकल काढली की वाटेवर उसाच्या बैलगाड्यांची घुंगरं ऐकू यायची, गाडीवान घोंगडीत इतका गुंडाळलेला की बैलच त्याला घेऊन चाललेत असं वाटावं. तुरीच्या काटक्यांचा धूर जमिनीलगत आडवा पसरायचा, वर चढायचं नाव घ्यायचा नाही. वाट ओढ्यात उतरली की थंडी अशी चावायची की हँडलवरची बोटं कुणा दुसऱ्याची वाटायची. आणि ओढा चढून टेकाडावर आलं की एकदम कुणी तरी अंगावर पांघरूण घातल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटांच्या वाटेत दोन ऋतू. रोज हे माझ्या अंगाला कळत होतं आणि विज्ञानाचा मास्तर असून मला एकदाही 'असं का?' असा प्रश्न पडला नाही. तो प्रश्न विचारायला माझा आतेभाऊ शिवा पुण्याहून विमान घेऊन आला.

शिवा आत्याचा एकुलता मुलगा. बारामतीला आयटीआयमधून फिटर झालेला, लहानपणी गावातले सगळे रेडिओ उघडून त्यातले निम्मे परत जोडणारा. पुण्यात एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये तो लागला होता. तिथल्या लिमये मॅडम दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावरच्या हवेचा अभ्यास करत. त्यांच्यासाठी त्यानं दोन वर्षं खपून एक विमान बनवलं होतं. पंख पसरले की बाजेएवढं, उचललं तर कोकराएवढं. माणूस नाही, बसायला जागा नाही. पोटात एक डबी, ती हवेचं तापमान, दाब आणि ओल यांची नोंद ठेवणार. जमिनीवरून शिवा हातातल्या पेटीनं ते चालवणार.

आमच्या माळावर पहिल्यांदा ते खोक्यातून काढलं तेव्हा शेजारचे किसनतात्या कमरेवर हात ठेवून भोवती एक प्रदक्षिणा घालून आले.

"आन् हाकतं कोण ह्येला?"

"मीच, तात्या. हितनं, खालनं."

"म्हंजी बैल तितं आन् कासरा हितं?"

"व्हय."

"मग मधला कासरा कुठं हाय?"

"त्यो दिसत न्हाय, तात्या."

तात्यांनी मान हलवली. "सरकारी काम दिसतंय. त्येंचा कासरा कवाच दिसत न्हाय."

मी मात्र सगळं समजल्यासारखा उभा होतो. नंतर हळूच शिवाला बाजूला घेऊन विचारलं, की बाबा, त्या बर्फावर फुगे सोडतात ना, मग हे कशाला? तो म्हणाला, "फुगा सरळ वर जातो, बापूदादा. त्याला 'जरा खाली ये, हितंच थांब, परत एकदा बघ' असं म्हणता येत न्हाय. मनोरा उभारायचा तर किती उंच उभारणार? ह्ये बर्फाच्या अंगावरनं हात फिरवत जातं, पायरी पायरीनं चढतं, आणि नोंद घेऊन घरला येतं." 'घरला येतं' म्हणताना त्यानं पंखावरची धूळ बाहीनं पुसली. पोर दाखवायला आणलेल्या बापासारखा दिसत होता तो.

पुढच्या हिवाळ्यात जहाज निघणार होतं. त्यावर वर्कशॉपच्या माणसासाठी जागा एकच. रविवारी मॅडम निरवांगीला येऊन विमान उडताना बघणार आणि ठरवणार. विमान नीट वर गेलं, नोंद घेऊन नीट उतरलं, तर विमानही जहाजावर आणि शिवाही. नाही तर दोघंही वर्कशॉपात. आमचा माळ मोकळा, पहाटेचं वारं पडलेलं, थंडी भरपूर. म्हणून सरावासाठी तो पंधरा दिवसांची रजा टाकून गावी आला होता.

हे सगळं त्यानं मला सांगितलं, तात्यांना सांगितलं, पानाच्या टपरीवर सांगितलं. आईला सांगितलं नाही. "जागा पक्की झाली की सांगतो," म्हणाला. "उगं जिवाला घोर."

आत्याला ते गिरणीत कळलं. दळण होईपर्यंत चार बायांनी चार प्रकारांनी सांगितलं की तुझा ल्योक बर्फात चाललाय, जगाच्या टोकाला, तितं सूर्य बुडत न्हाय. आत्या पिठाचा डबा डोक्यावर घेऊन घरी आली, भाकरी थापल्या, शिवाला वाढल्या. त्याच्या ताटातल्या भाकरीला त्या दिवशी तूप जास्त होतं.

इथं आत्याच्या हाताबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर, म्हणजे आमचं घर, एके काळी मेंढरांवर जगणारं. तिच्या लहानपणी आजोबांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, चार-चार महिने रानोमाळ हिंडायचा. बिथरलेलं मेंढरू वळवायला पोरी गोफण शिकायच्या. मेंढराला लागता कामा नये, त्याच्या पुढ्यात दोन हातांवर गुंडा, म्हणजे गोफणीतला दगड, पडला पाहिजे, म्हणजे ते आपण होऊन वळतं. पुढं मेंढरं गेली, शेती आली, पण गोफण राहिली. जोंधळा निसवला, कणसं बाहेर पडली, की आत्या पाखरं राखायला मचाणावर. सूर्य उगवायच्या आधी चढायची ती ऊन तापल्यावर उतरायची. तिचा 'हाऽऽ हो!' ओढ्यापलीकडं ऐकू जायचा आणि गोफण सुटल्याचा 'फट्ट' आवाज आला की भोरड्यांचा अख्खा थवा कापड झटकल्यासारखा उलटा फिरायचा. मी तिच्याकडून गोफण शिकायचा प्रयत्न केला होता. पहिला गुंडा माझ्या मागं उभ्या असलेल्या म्हशीला लागला. मग मी शिक्षक झालो.

बुधवारी पहाटे विमान वर गेलं. मोपेडसारखा त्याचा आवाज टेकाडावरून ओढ्यावर, ओढ्यावरून टेकाडावर फिरत होता. त्याआधी अर्धा तास शिवानं मला एक काम सांगितलं होतं. एकच.

"बापूदादा, आज वारं फिरलंय. उतरताना ओढ्याकडनं, जोंधळ्यावरनं खाली घ्यायला लागंल. राखणीवाल्यांना सांगून ये. इमान दिसलं की पाच मिनिटं गोफणी खाली ठेवा म्हणावं."

मी सायकलवरून निघालो. ओढ्याकाठी सहा मचाणं होती. पहिल्या मचाणापाशी निरोप सांगितला आणि थोडं वातावरणाच्या थरांबद्दल बोललो. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी हुरडा दिला, मी वातावरणाबद्दल जरा जास्त बोललो. तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणी लसणाची चटणी होती. पाचव्या मचाणापर्यंत मी दक्षिण ध्रुवावर जाऊन आल्यासारखा बोलत होतो. सहावं मचाण आत्याचं. ते लांबून दिसत होतं, तीही दिसत होती, कासोटा खोचून उभी. घरच्या माणसाला काय सांगायचं, असं म्हणून मी लांबूनच हात केला. तिनंही हात केला. मी सायकल वळवली.

विमान ओढ्याकडून आलं. आवाज मंदावलेला, नाक किंचित वर, कणसांच्या जेमतेम वर, पंख पसरून. उन्हाची पहिली तिरीप त्याच्या पोटावर पडली होती. इतकं देखणं उतरणं मी त्या आठवड्यात पाहिलं नव्हतं. पाच मचाणांवर पाच गोफणी खाली होत्या.

फट्ट.

विमान हवेत एकदा थबकल्यासारखं झालं. डावा पंख मधोमध दुमडला आणि ते गिरकी घेत ज्वारीत गेलं. ज्वारीतून भोरड्या उठल्या. शिवा हातात पेटी धरून उभा होता, अंगठे अजून कळांवर हलत होते.

पहिलं कोण बोललं? किसनतात्या. "नेम बाकी..." एवढं बोलले आणि त्यांना शिवाचा चेहरा दिसला.

दुपारपर्यंत गावानं निकाल लावला. आईनं मुद्दाम पाडलं. ल्योक बर्फात जाऊ नये म्हणून. न्हायतर तारूबाईचा गुंडा चुकून कुठं लागतो व्हय? आयुष्यभर कमावलेला नेम आत्याच्याच विरुद्ध साक्षीला उभा राहिला. शिवानंही तेच मानलं. तो घरी जेवायला गेला नाही. माळावरच्या तंबूत मोडका पंख मांडीवर घेऊन बसला. मी त्याला एकदा म्हटलं, "अरे, तसं नसंल," तर म्हणाला, "तू सगळ्यांना सांगितलं होतंस ना?"

आणि मी म्हणालो, "हं."

ते 'हं' मी दीड दिवस गिळत होतो. वर्गात पोरांना 'खरं बोलणाऱ्याला मी मारत नाही' असं सांगणारा मी. त्या दीड दिवसात मला खरं बोलावंसं वाटत होतं आणि मारही नको होता. शुक्रवारी सकाळी शेवटी मचाणापाशी गेलो. आत्या वर बसून चातीवर लोकर कातत होती. गोफण शेजारी गुंडाळून ठेवलेली. समोर भोरड्या खुशाल कणसं खात होत्या.

"आत्या, तुला निरोप द्यायचं काम माझ्याकडं होतं. मी दिला न्हाय."

"म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या सायकलीची चैन करकरती. त्या दिशी पाच ठिकाणी थांबली. हितं आली न्हाय."

"मग तू शिवाला का बोलली न्हाईस?"

"त्यानं इचारलं का?" चाती फिरत राहिली.

तरी एक प्रश्न उरलाच होता, आणि तो मी विचारला. "आत्या, खरं सांग. ते विमान हाय हे तुला कळलं नव्हतं?"

तिनं चाती थांबवली.

"कळलं की. पोटच्या पोराची चीज न्हाय व्हय कळत? डोळ्याला कळलं, बापू. हाताला कळंस्तवर गुंडा सुटला व्हता. पन्नास वरसं झाली, जोंधळ्यावर उतरतंय त्येला ह्यो हात इचारत न्हाय, तू कोण म्हणून." मग हाताकडं बघत म्हणाली, "एक शब्द आधी कानावर आला असता, तर दाबून धरला असता त्येला."

मी माळावर गेलो आणि शिवाला सगळं सांगितलं. हुरडा आणि चटणीसकट. तो उठून उभा राहिला तेव्हा मी एक पाऊल मागं घेतलं, हेही सांगून टाकतो.

"पाच जणांस्नी सांगितलंस आन् माझ्या आईला न्हाय?"

"व्हय. चुकलो." आणि मग, मार पडायचाच आहे तर पूर्ण पडू दे अशा हिशेबानं मी म्हणालो, "पण शिवा, तू बर्फात जाणार हे पानटपरीला सांगितलंस. आईला?"

त्याच्या हातात गोंदाचा ब्रश होता. तो तसाच वाळला.

तो घरी गेला, मीही मागोमाग गेलो; कुणी बोलावलं नव्हतं. आत्या चुलीपुढं होती. शिवा दारातच उभा राहिला आणि शाळेत कविता म्हणावी तसा म्हणाला, "आये, मी लांब चाललोय. पुढल्या हिवाळ्यात. दक्षिणंला, बर्फात. चार-पाच म्हयने. आजून पक्कं न्हाय."

आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली. "आसं व्हय?" ती म्हणाली, जणू पहिल्यांदाच ऐकत होती. "बरं झालं सांगितलंस. खायाला काय मिळतं तितं?"

मला वाटतं, विमान त्या क्षणी दुरुस्त झालं. उरलं ते लाकूडकाम.

पंखाच्या आतलं हलकं लाकूड मधोमध फुटलं होतं आणि तसलं लाकूड निरवांगीत मिळणार नव्हतं. ज्वारीच्या ताटाचं साल सोलून आतला पांढरा भेंड काढायचा आणि त्याच्या बैलगाड्या करायच्या, हा आमचा लहानपणीचा उद्योग. शिवानं फुटक्या फळ्यांना बांबूच्या बारीक कामट्या जोडल्या आणि मधल्या पोकळीत भेंड भरला. भेंड आत्यानं सोलून दिला. ज्या ज्वारीत विमान पडलं तिचाच. काम करता करता तिनं विचारलं, "तितल्या गारठ्यात ह्येला सर्दी-बिर्दी?" शिवा हसला, म्हणाला, विमानाला नाही, पण आतल्या बॅटरीला होते, थंडीत तिचं बळ जातं. आत्या उठली आणि जुन्या घोंगडीचा एक तुकडा कापून घेऊन आली. शिवानं तो बॅटरीभोवती गुंडाळून दोऱ्यानं शिवला.

रविवारी मॅडम आल्या. वाटेत डाळजपाशी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला थांबल्यानं त्यांच्या सँडलला चिखल होता आणि चेहरा प्रसन्न होता. तो विमानाच्या डाव्या पंखापर्यंत टिकला.

"हे काय झालं?"

मी आभाळाकडं बघितलं. शिवा सुरू झाला, "जरा वाऱ्यानं, मॅडम..."

"म्या पाडलं," आत्या म्हणाली.

"कशानं?"

आत्यानं कमरेची गोफण काढून पुढं केली. मॅडमनी ती हातात घेतली, लोकरीची वीण बोटानं चाचपली, आणि मग त्यांनी जे विचारलं त्यावरून मला कळलं की विज्ञान शिकवणं वेगळं आणि विज्ञान करणं वेगळं.

"किती उंचीवर होतं? आणि तुम्ही कुठं उभ्या होता?"

आत्यानं दाखवलं. मॅडमनी पावलांनी अंतर मोजलं, वहीत लिहिलं. म्हणाल्या, "उतरताना चालवणाऱ्याचं सगळं लक्ष जमिनीवर असतं. तिथं दक्षिणेला मोठे तपकिरी पक्षी आहेत. घरट्यावरून काही गेलं की झडप घालतात. त्यांचा विचार आम्ही केलाच नव्हता. शिवाजी, उतरायचा मार्ग बदला. उंचावरून या, शेवटी झटकन खाली घ्या."

मग बुधवारी विमान पडलं तेव्हाची डबीतली नोंद त्यांनी बघितली. डबी शाबूत होती. आकड्यांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, की पहाटे खाली सगळ्यात थंड आणि वर जावं तसं ऊबदार. तिथं बर्फावरही असंच असतं, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणात, आणि तेच आम्हाला मोजायचंय.

"ह्येच्यात नवं काय?" आत्या म्हणाली. "गारठा पाण्यागत वढ्यात साचतो. म्हणून तर मेंढरं टेकाडावर बसवायची. कोकरू वढ्यात ऱ्हायलं तर सकाळी उठत न्हाय."

मॅडमनी तेही वहीत लिहिलं. मी बाजूला उभा होतो. ज्या ओढ्यातून रोज सायकल काढायचो तो ओढा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

विमान उडालं. सहाही मचाणांवर निरोप गेला होता. या खेपेला शिवा स्वतः गेला, आणि पहिल्यांदा आईकडं गेला. उंचावरून येऊन ते शेवटी झटकन खाली घेतलं आणि माळावर टेकलं तेव्हा आत्या मचाणावर दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी होती. भोरड्यांनी त्या पाच मिनिटांत चांगलं शेरभर खाल्लं असेल.

शिवा गेला आणि आला. येताना घोंगडीचा तो तुकडा आणला. म्हणाला, तिथले तपकिरी पक्षी खरंच धावून आले, पण आईच्या मानानं त्यांचा नेम कच्चा. आता तो पुण्यात वर्कशॉपचा प्रमुख आहे. कुठंही जायचं असलं, अगदी सोलापूरला, तरी आधी आईला फोन करतो. तिला निम्मं ऐकू येत नाही. तो सगळं सांगतो.

परवाची गोष्ट. सकाळी आत्या ओट्यावर, मी शेजारी चहा घेत. शेजारच्या उसावर फवारणीचा ड्रोन आला होता. आता ते कुणाला नवं नाही. चालवायला एक तरुण बांधावर उभा असतो, हातात पेटी, आणि कासरा कुठं असं कुणी विचारत नाही. उसाच्या टोकाला वळण घेऊन ड्रोन आमच्या ज्वारीवर खाली आला. भोरड्या उठल्या. मी आत्याकडं बघितलं. हात पदराबाहेर आला होता.

मी कप ठेवला आणि अनवाणी पळालो. पंचावन्नाव्या वर्षी ढेकळांतून पळणं ही बघण्यासारखी गोष्ट असते, असं बायको म्हणते.

"जरा उंचावरनं वळवा हो!"

"का, काका?"

"हितं माझी आत्या बसलीय."

त्यानं ओट्याकडं बघितलं, हसला, पण ड्रोन वर घेतला. मी धापा टाकत परत आलो. काम फत्ते झाल्यासारखा ओट्यावर बसलो.

"सांगितलंस?" आत्यानं विचारलं.

"सांगितलं."

"त्येला?"

"व्हय, त्येलाच."

"आन् मला?"

मग मी तिच्या चांगल्या कानाशी वाकून, मोठ्यानं, एकेक शब्द सावकाश सांगितला. "आत्या, ते फवारणीचं विमान हाय. शेजारच्यांचं. आपल्या जोंधळ्याला काय करत न्हाय."

"आसं व्हय," ती म्हणाली, आणि मूठ उघडली. आतला गुंडा ओट्यावरून घरंगळत माझ्या चहाच्या कपाला येऊन टेकला.